दहा किलोमीटर आणि पहिले सत्तर हजार

१५ जानेवारी २०१७. मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतराच्या शर्यतीत भारतीय महिलांमध्ये पहिली आली परभणीची ज्योती गवते. वेळ २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. दुसरी धावपटू पोचेपर्यंत सतरा मिनिटं उलटून गेली होती. पुढची तीन वर्षं, म्हणजे २०१८, २०१९ आणि २०२० मध्ये, सुधा सिंग जिंकली आणि ज्योती तिच्यामागे दुसरी आली. मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावातून उठून सलग चार वर्षं देशातल्या सर्वात मोठ्या शर्यतीत पहिल्या दोघींत राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी जूनच्या आधीची परभणी पाहिली आहे त्यांना समजेल.

त्याच सकाळी, त्याच मुंबईत, ‘ड्रीम रन’ नावाची सहा किलोमीटरच्या आतबाहेरची एक फेरी निघते. तिला शर्यत म्हणणं धाडसाचं आहे. कोणी फेटा बांधून येतो, कोणी वाघाचा मुखवटा चढवतो, कंपनीचे लोक एकसारखे टी-शर्ट घालून ढोलावर नाचतात, निम्मे लोक चालतात आणि उरलेले सेल्फी काढतात. खऱ्या धावपटूंना या प्रकाराची थोडी चीडच असते. पण मुंबई मॅरेथॉन दरवर्षी सामाजिक संस्थांसाठी जो पैसा उभा करते (२०२३ मध्ये तो चाळीस कोटींच्या वर होता) त्याचा वेगाशी काही संबंध नाही. ज्योतीने अडीच तासांत मॅरेथॉन संपवली असती तरी त्या आकड्यात रुपयाची भर पडली नसती. तो पैसा आणतात मागचे, हळू चालणारे, पण ओळखी भरपूर असणारे लोक.

परभणीसारख्या जिल्ह्यात शर्यत भरवून मुलांना परदेशी शिकायला पाठवता येईल का, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. उत्तराची सुरुवात या मागच्या लोकांपासून करावी लागते.

मुंबईतली पहिली मॅरेथॉन फेब्रुवारी २००४ मध्ये झाली. देणग्यांचं काम सध्या ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था पाहते. रीत साधारण अशी: एखादी सामाजिक संस्था नाव नोंदवते, तिच्या वतीने धावणारा माणूस आपल्या नावाचं देणगीचं पान उघडतो आणि नातेवाईक, वर्गमित्र, ऑफिसातले सहकारी, सोसायटीतले शेजारी यांना संदेश पाठवत सुटतो. ‘मी एकवीस किलोमीटर पळणार आहे, माझ्यासाठी नाही तर या मुलांसाठी तरी हजार रुपये दे.’ देणाऱ्याला बहुधा त्या संस्थेचं नावही नीट आठवत नसतं. तो देतो ते मागणाऱ्याकडे पाहून. लग्नातला आहेर जसा नवरीमुलीच्या गुणांवर ठरत नाही, तिच्या बापाने आपल्या घरच्या कार्यात काय केलं होतं त्यावर ठरतो, तसंच हे.

जगातला सर्वात मोठा नमुना लंडनचा. ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिझली या दोन जुन्या धावपटूंनी १९८१ मध्ये तिथली मॅरेथॉन सुरू केली. २०२५ च्या एका दिवसात तिने ८ कोटी ७३ लाख पौंड उभे केले. एका दिवसाच्या कार्यक्रमातून इतका निधी जगात दुसरीकडे कुठे जमलेला नाही. तिथे प्रवेशासाठी सोडत असते आणि अर्ज लाखोंनी येतात. ज्यांचा नंबर लागत नाही त्यांच्यासाठी संस्थांकडे राखीव जागा असतात: एवढे पौंड जमवून देईन असं वचन द्या, जागा घ्या. टंचाईची ही किल्ली परभणीला उपयोगाची नाही, कारण इथे आधी हजार माणसं पहाटे घराबाहेर काढायची आहेत.

परभणीला जवळचा वाटावा तो कॅनडातल्या टेरी फॉक्सचा प्रकार. हाडांच्या कर्करोगाने उजवा पाय गेलेला हा तरुण १९८० मध्ये कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, तिथे रोगाने पुन्हा गाठलं आणि पुढच्या वर्षी तो गेला. त्याची मागणी फार सोपी होती, प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. ती त्याच्या हयातीत पुरी झाली. त्याच्या नावाची दौड आजही देशोदेशी होते, मुंबईतही झाली आहे. तिला प्रवेशशुल्क नाही, किमान रक्कम नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही.

आता उलट दिशेचा प्रवाह पाहू. १९९१ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांनी ‘आशा फॉर एज्युकेशन’ सुरू केली; संदीप पांडे हे तिच्या संस्थापकांपैकी एक. तिच्या शाखांनी पुढे ‘टीम आशा’ नावाचा उपक्रम काढला. कल्पना चतुर आहे. सॉफ्टवेअर कंपनीत खुर्चीला चिकटलेल्या भारतीयाला मॅरेथॉन पळायची हौस असते, पण पळता येत नसतं. संस्था त्याला काही महिने प्रशिक्षक देते, शनिवार-रविवारी सोबत देते. बदल्यात तो ओळखीपाळखीत हात पसरून भारतातल्या शिक्षणप्रकल्पांसाठी ठरलेली रक्कम जमवतो. अटलांटाकडे सुरू झालेल्या ‘विभा’ संस्थेची ‘ड्रीम माइल’ ही दौडही याच जातीची. म्हणजे एका देशात पळून दुसऱ्या देशातल्या मुलांची फी भरायची, ही गोष्ट नवी नाही. आपली माणसं ती तीसेक वर्षं करत आहेत. फक्त पळणारे तिकडचे आणि शिकणारे इकडचे. परभणीत पळून परभणीच्याच मुलाला तिकडे पाठवायचं, तर हिशेब बदलतो, कारण खर्च युरोत आणि वर्गणी रुपयांत.

आधी शर्यतीचा खर्च मांडू. पुढचे आकडे गृहीत धरलेले आहेत, पण ज्यांनी असे कार्यक्रम केले आहेत ते फार भांडणार नाहीत. समजा, हजार जण आले आणि प्रत्येकी पाचशे रुपये शुल्क घेतलं. पाच लाख जमले. टी-शर्ट, पदक, छातीवरचा क्रमांक आणि त्यामागची वेळ मोजणारी चिप, पाणी, केळी आणि शेवटी पोह्यांची बशी मिळून माणशी साडेतीनशे धरा. साडेतीन लाख गेले. रुग्णवाहिका, बॅरिकेड, मंडप, ध्वनिक्षेपक, वेळ मोजणाऱ्या कंपनीचा येण्याजाण्याचा खर्च यात उरलेले दीड लाख. शिल्लक शून्य. अनेक गावांत ‘सामाजिक कार्यासाठी’ म्हणून होणाऱ्या मॅरेथॉन इथेच थांबतात. फोटो छान येतात, पुढाऱ्यांच्या हस्ते झेंडा हलतो, आणि त्या कार्याच्या खात्यात काही पडत नाही.

म्हणून प्रवेशशुल्कातून फक्त शर्यतीचा खर्च भागवायचा. निधी वेगळा मागायचा, आणि तो हजारांनी मागायची गरज नाही. त्यातल्या शंभरांनी मागितला तरी पुरे. शंभर जणांनी प्रत्येकी वीस ओळखीच्या माणसांकडून पाचशे-पाचशे आणले तर दहा लाख होतात. हे शंभर जण वेगवान असण्याची काही गरज नाही. डॉक्टर, वकील, मोंढ्यातले आडते, कोचिंग क्लासचे मास्तर, निवृत्त मुख्याध्यापक, पुण्याच्या कंपनीत नोकरीला असलेला सेलूचा मुलगा, असे हवेत. सेलूच्या त्या मुलाच्या फोनमध्ये जी माणसं आहेत त्यांना जानेवारीत मॅरेथॉनसाठी पैसे द्यायची सवय आधीच लागलेली असते.

मग खरे धावणारे कोण? परभणीत ते आहेतच. पहाटे साडेचारला जिल्हा क्रीडा संकुलाकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या बाजूला गेलात तर पळणारी पोरं-पोरी दिसतील. त्यांना पदक नको असतं, पोलीस भरती हवी असते. महाराष्ट्र पोलिसांच्या शारीरिक चाचणीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. अग्निवीरालाही १.६ किलोमीटर चुकत नाही. मराठवाड्यात धावणं हा छंद फार थोड्यांचा, बहुतेकांचा तो नोकरीचा अर्ज आहे. या मुलांकडून पाचशे रुपये मागणं मला चूक वाटतं. त्यांना फुकट पळू द्यावं आणि ‘टीम आशा’ची युक्ती उलटी करून वापरावी: चाळिशी-पन्नाशीच्या डॉक्टर-आडत्यांना तीन महिने पळायला शिकवण्याचं काम या मुलांना मानधन देऊन सोपवावं. शिकणारा त्या बदल्यात वीस जणांकडे जाईल. मास्तर बावीस वर्षांचा आणि शिष्य बावन्न वर्षांचा, हे दृश्य गावाला पाहायलाही आवडेल.

दिवस ठरवणं परभणीत सोपं नाही. एप्रिल-मेचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर येतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला हजरत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा शहरात पाऊल ठेवायला जागा नसते आणि पोलीस बंदोबस्त तिकडे असतो. त्यानंतर बोर्डाच्या परीक्षा. उरतो डिसेंबर. सोयाबीनचे पैसे आलेले असतात, कापूस वेचणी चालू असते, आणि पहाटेची थंडी अशी असते की परभणीचं किमान तापमान राज्याच्या बातम्यांत झळकतं. धावायला याहून चांगली हवा नाही. अडचण एकच, उसाची. गाळप हंगामात गंगाखेड आणि पाथरीकडच्या रस्त्यांवर पहाटे दुहेरी ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात, मागे दिवा असेलच असं नाही. त्यामुळे शर्यत हमरस्त्यावर नेऊच नये. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परिसर मोठा आहे आणि त्यातले आतले रस्ते वाहतुकीपासून बरेच सुटे आहेत. परवानगी मिळाली तर दहा किलोमीटरची वाट तिथेच आखावी.

वाट आखणं आणि मोजणं यांतही एक शास्त्र आहे, आणि हौशी आयोजक इथेच घसरतात. मोबाईलमधलं जीपीएस किंवा मोटारसायकलचं मीटर यावर अंतर ठरवलं की दहा किलोमीटरचे कधी साडेनऊ होतात, कधी पावणेअकरा. जगभरातल्या मान्यताप्राप्त शर्यती आजही सायकलने मोजल्या जातात. पुढच्या चाकाच्या आसाला ‘जोन्स काउंटर’ नावाचं छोटं यंत्र बसवतात. अमेरिकेतल्या अॅलन जोन्स यांनी ते १९७१ मध्ये बनवलं. आधी पोलादी फितीने अचूक मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाकाचा हिशेब ठरवायचा, मग धावपटू घेईल ती सर्वात जवळची वाट धरून, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखत, सगळा मार्ग फिरायचा. शेवटी हजारात एक या प्रमाणात अंतर मुद्दाम वाढवायचं. दहा किलोमीटरची शर्यत म्हणजे दहा किलोमीटर आणि वर दहा मीटर. मार्ग चुकूनही आखूड पडू नये म्हणून हा उपाय. ज्या भरतीच्या पोराने तुमच्या शर्यतीत चाळीस मिनिटांची वेळ काढली, त्याला ती खरी आहे हे कळायला हवं. पैशांच्या हिशेबावरचा विश्वास तिथूनच सुरू होतो. पाणी अडीच-तीन किलोमीटरवर ठेवलं की पुरतं.

जिल्ह्याच्या गावाला हे झेपणार नाही असं म्हणणाऱ्यांनी साताऱ्याकडे पाहावं. २०१२ पासून तिथे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाणारी हिल हाफ मॅरेथॉन होते आणि तिच्यासाठी राज्याबाहेरून लोक हॉटेलं आरक्षित करून येतात. साताऱ्याला घाट आहे, परभणी सपाट आहे हे खरं. पण सपाट दहा किलोमीटर म्हणजे आपली सर्वोत्तम वेळ काढायची जागा, आणि धावणाऱ्यांना त्याचंही वेड असतं.

आता दहा लाखांचं काय करायचं, हा खरा भाग.

परदेशी शिक्षण आणि परोपकार यांचं आपल्याकडचं नातं जुनं आहे. परभणी ज्या निजामाच्या राज्यात होती त्याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, १८९५ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच्या तीन वर्षं आधी मुंबईत जमशेटजी टाटांनी जे. एन. टाटा एन्डाउमेंट सुरू केली होती. ती अनुदान देत नाही, कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. परतलेल्या पैशावर पुढचा विद्यार्थी जातो. के. आर. नारायणन याच मदतीने १९४५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. आणि १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, देऊन भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, हे तर सर्वांना माहीत आहे. त्यातला पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये आंबेडकरांना लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या कर्जावर. मोठी शिष्यवृत्ती होती तरी दरी उरली, आणि ती लहान रकमांनी बुजवली.

आजही दरी तशीच आहे, फक्त तिची जागा बदलली. ती आता सुरुवातीला आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा देते. इतर मागासवर्गीय आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत, मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १९५४-५५ पासून चालू आहे, आता तिच्यात १२५ जागा असतात. या योजनांत शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता, विमानभाडं असं बरंच मिळतं. पण राज्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करायलाच आधी विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो. आणि प्रवेश मिळेपर्यंतचा खर्च कोणी देत नाही.

तो खर्च मांडून पाहा. सोनपेठ किंवा पालमच्या एका शेतकऱ्याची मुलगी परभणीहून कृषी पदवी घेते आणि जर्मनीत माती-पाण्याच्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहते. पासपोर्ट १,५०० रुपये. आयईएल्टीएस परीक्षा १८,००० च्या घरात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून लागणारं ‘एपीएस’ प्रमाणपत्र आणखी १८,०००. जर्मन विद्यापीठांचे अर्ज तपासणारी ‘युनी-असिस्ट’ संस्था पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो घेते. तीन अर्ज केले तर २०२५ च्या दराने साधारण साडेतेरा हजार. व्हिसा ७५ युरो. गुणपत्रिकांच्या प्रती, कुरियर, आणि परीक्षा, व्हिसा, मुलाखत यांसाठी रात्री देवगिरी एक्सप्रेस धरून मुंबईला जाणं-येणं. सगळं मिळून सत्तर हजार. अमेरिकेला जायचं असेल तर ‘सेव्हिस’चे ३५० डॉलर आणि व्हिसाचे १८५ डॉलर मिळूनच चाळीस हजारांच्या पुढे जातात, म्हणजे लाखाचा पल्ला.

सत्तर हजार ही रक्कम मोठी विचित्र आहे. बँक यासाठी कर्ज देत नाही, सरकार यासाठी शिष्यवृत्ती देत नाही, आणि कोरडवाहू पाच एकरांच्या घरात ती ‘होईल की नाही ते माहीत नाही’ अशा गोष्टीवर लावायला कोणी धजत नाही. लग्नासाठी सावकाराकडे जाणारा बाप आयईएल्टीएससाठी जात नाही, आणि मला त्यात त्याची चूक दिसत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण मिशीत हसत म्हणतो. या दोन गावांमधलं पहिलं नाकं सत्तर हजारांचं आहे. दहा लाखांत चौदा जण ते ओलांडतील.

दुसरं नाकं मात्र शर्यतीच्या आवाक्याबाहेरचं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही (होहेनहाइम हे नामांकित कृषी विद्यापीठ ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मात्र परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात), पण व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. म्हणजे बारा लाखांच्या आसपास. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावं तर साडेसात लाखांच्या वर बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. शेतकरी सातबारा पुढे करतो. पण सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, वसुली अवघड जाते, म्हणून बँका त्या कागदाकडे फारशा उत्साहाने पाहत नाहीत. शहरातला वन-बीएचके फ्लॅट चालतो, बारा एकर काळी जमीन चालत नाही. हे नाकं शिष्यवृत्तीनेच ओलांडावं लागतं: जर्मन सरकारची डाड, युरोपची इरास्मस मुंडस, ब्रिटनची चेव्हनिंग. चेव्हनिंगला अर्जाची फी नाही, दोन वर्षांचा कामाचा अनुभव मात्र हवा. कोणता अर्ज कधी, निबंधात काय लिहायचं, हे सांगणारं माणूस घरात नसतं. बुलडाणा जिल्ह्यातून चेव्हनिंगवर लंडनच्या सोआसमध्ये गेलेले राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये काढलेली ‘एकलव्य’ संस्था घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या मुलांसाठी नेमकं हे काम करते. शर्यतीच्या निधीने स्वतःची मार्गदर्शन केंद्रं उघडण्यापेक्षा अशांच्या कार्यशाळेला आपली मुलं पाठवावीत, ते स्वस्तही पडतं आणि चांगलंही.

कायद्याची बाजू कंटाळवाणी, पण ती टाळली तर पुढच्या वर्षी शर्यतच होत नाही. नोंदणी नसलेल्या चार मित्रांना वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्रात आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं; गणेश मंडळांना हे ठाऊक असतं, मॅरेथॉनवाल्यांना नसतं. नोंदणीकृत न्यास असेल तर देणगीदाराला ८०जी ची सवलत देता येते, पण ती देणगीवर. प्रवेशशुल्काच्या बदल्यात टी-शर्ट आणि पदक दिलंय, त्यामुळे ती देणगी होत नाही. दोन्हींची पावती पुस्तकं वेगळी हवीत. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. परदेशातले परभणीकर पैसे पाठवणार असतील तर त्यांचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरला जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या सख्ख्या भावाचा मात्र धरला जातो, आणि त्याला एफसीआरए नोंदणी लागते.

कंपन्यांच्या सीएसआर निधीवर फार भिस्त ठेवू नये. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात मॅरेथॉनसारखे एकदिवसीय कार्यक्रम सीएसआरमध्ये बसत नाहीत असं स्पष्ट लिहिलं. २०२१ च्या नियमांनी भारताबाहेर केलेला खर्चही वगळला. अपवाद एकच ठेवला: राज्याचं किंवा देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या भारतीय खेळाडूंचं परदेशातलं प्रशिक्षण. म्हणजे परभणीची धावपटू केनियात सरावाला गेली तर कंपनीचा पैसा चालेल, परभणीची कृषी पदवीधर शिकायला गेली तर नाही. धर्मादाय न्यासांनाही भारताबाहेरच्या खर्चावर करसवलत सहज मिळत नाही. कॉर्नेल आणि हार्वर्डला दिलेल्या देणग्यांवरून टाटांच्या एका न्यासाचा प्राप्तिकर खात्याशी वाद २०२० मध्ये मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत गेला होता. न्यासाच्या बाजूने निकाल लागला, पण टाटांकडे वकील आहेत. आपल्याकडे तेवढे नसतील तर सगळा निधी भारतात, रुपयांत, जाण्याआधीच्या खर्चावर संपवणं शहाणपणाचं. पहिल्या सत्तर हजारांचा आग्रह धरण्याचं हे दुसरं कारण.

निवडीबाबत दोन गोष्टी. समितीत देणगीदार नकोत, आणि ज्यांची पोरं अर्ज करू शकतात तेही नकोत. परभणीत सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे बाहेरगावचे दोन शिक्षक बसवले तर वर्षभराची कटकट वाचते. दुसरी गोष्ट, पैसे एकरकमी देऊ नयेत. पासपोर्टची पावती आणा, आयईएल्टीएसची फी घ्या. गुण आले की अर्जांची फी घ्या. एखादीला अपेक्षित गुण मिळाले नाहीत तर तिला पुन्हा बसू द्यावं; दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे निधीतच धरावेत, नाहीतर हुशार पण भित्री मुलं पहिला प्रयत्नही करत नाहीत. गेलेल्याने पहिला पगार झाल्यावर रक्कम परत करावी, जे. एन. टाटांच्या रीतीने. लेखी करार करून वसुलीला लागू नये. परत न करणाऱ्याला दरवर्षी फक्त शर्यतीचं निमंत्रण पाठवावं.

डिसेंबरच्या शर्यतीचा हिशेब जानेवारीत वृत्तपत्रात छापून द्यायचा, फेब्रुवारीत निवड, मार्चमध्ये पासपोर्ट, एप्रिलपर्यंत परीक्षा. जर्मन विद्यापीठांच्या हिवाळी सत्राचे अर्ज बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला बंद होतात, काही त्याआधीच, आणि एपीएसला आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून ते मार्चमध्येच लावून टाकायचं. व्हिसाच्या फीचा शेवटचा हप्ता ऑगस्टच्या सुमारास जातो आणि ऑक्टोबरात तिकडे वर्ग सुरू होतात. ऑगस्टमध्येच पुढच्या डिसेंबरसाठी विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे रस्त्याचा, पोलीस अधीक्षकांकडे बंदोबस्ताचा आणि महापालिकेकडे पाण्याच्या टँकरचा असे तीन अर्ज द्यायचे असतात, आणि तिन्हींवर पोच घ्यायला विसरायचं नसतं.